गडबच्या बांधावरचा सरकता दगड

सामू, तुझ्या शोकसभेत मी खोटं वागलो. बोललो काहीच नाही, नुसती मान हलवली. पण ती मान खोटी होती.

तुझे जुने विद्यार्थी बोलले, मुख्याध्यापक बोलले, आणि शेवटी आपल्या गावातला एक पुढारी उठला. म्हणाला, "सामू मास्तरांनी जमीन सरकते हे नुसतं पुस्तकात वाचून नाय सांगितलं. गडबच्या बांधावर दगड ठेवून सिद्ध केलं! बारा वर्षांत दगड एवढा सरकला!" आणि त्याने दोन्ही हात असे पसरले की तू असतास तर म्हणाला असतास, एवढ्यात तर श्रीलंका मागे राहिली असती. टाळ्या पडल्या. मग त्याने जाहीर केलं की त्या दगडाशेजारी फलक लावायचा. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दत्ताकाका साक्षीदार हायेत. काय काका?"

मी मान हलवली.

त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. म्हणून लिहायला बसलोय. आधी तुला सांगतो, मग गावाला वाचू दे. दगड सरकत नव्हता, सामू. मी सरकवत होतो.

हे तुला जिवंतपणी सांगायचं होतं. बारा होळ्या सांगायचं होतं. पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं. आता तू मध्ये बोलणार नाहीस, तर सुरुवातीपासून सांगतो.

नोकरीच्या दिवसांत सकाळी हायवेच्या एका बाजूला उभा राहून तू पेणची एसटी धरायचास आणि दुसऱ्या बाजूला मी धाटावच्या कंपनीची बस. तू शाळेत भूगोल शिकवायला, मी शिफ्टला व्हॉल्व्ह फिरवायला. मधून ट्रक जायचे. दोन ट्रकांच्या मध्ये जेवढं ओरडता येईल तेवढं आपलं बोलणं.

"दत्त्या, आपण आणि आफ्रिका एकेकाळी चिकटलेलो होतो!"

ट्रक.

"मग फुटलं कशावरून? वाटणीवरून?"

ट्रक.

"जमीन सरकते रे! अजून सरकतेय! तू उभा हायेस ती पण!"

मी पायाखाली बघायचो. तेवढ्यात तुझी एसटी यायची आणि उरलेली आफ्रिका संध्याकाळवर जायची.

संध्याकाळी आपण बांधावर बसायचो. हे वाचणारा कुणी घाटावरचा असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असतो. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खाडी. उधाणाला तो फुटला की अख्खं गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन धावतं. माझ्या आज्याने, पणज्याने असंच एकेक टोपली घालून खाडीतून शेत ओढून काढलं. त्यामुळे जमीन आपोआप सरकते हे मला पटणं शक्यच नव्हतं. मी तुला सांगायचो, "सामू, जमीन माणूस सरकवतो. चिखल घातला की पुढे, बांध फुटला की मागे. तुझ्या पुस्तकवाल्यांनी कधी टोपली उचललीय का?"

तू म्हणायचास, "जमीन नख वाढतं तेवढ्या वेगाने सरकते. तुला दिसायची नाय."

म्हणून मी करंगळीचं नख वाढवून बघितलं होतं, आठवतं? चार महिने जपलं. सुमनने माझ्या ताटात वाढणं बंद करायची धमकी दिली. शेवटी वाल सोलताना ते तुटलं. तू म्हणालास, "झाला भूकंप."

तुझी बहीण रिबेका, आपली रिबूताई, फार पूर्वी नवऱ्यामुलांबरोबर इस्रायलला गेली. तुझे काका गेले, चुलत भाऊ गेले. तुमच्या ज्यू लोकांची आपल्या बाजूला किती घरं होती, आणि एकेक करून कुलपं लागली. तू एकटा राहिलास. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या खिडकीत दिवा दिसायचा, आणि शनिवारी तू कसलंही काम करायचा नाहीस. गावाने ते तुळशीच्या लग्नासारखं धरून टाकलं होतं. शनिवारी मास्तरांकडे मीटरवाला आला तरी शेजारी त्याला सांगायचे, "आज नाय, उद्या ये."

एकच गोष्ट सुमनला कधी पटली नाही. खवल्यांचा मासा तू खायचास, पण कोलंबी नाही, चिंबोरी नाही. ती म्हणायची, "भावोजी, खाडीच्या काठावर जन्माला येऊन कोलंबी नाय खायची म्हणजे हलवायाच्या दुकानात उपास." तू म्हणायचास, "वहिनी, म्हणून तर तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला दुप्पट येते." आणि ते खरं होतं. तुझ्या धर्माचा सगळ्यात जास्त फायदा मला झालाय.

तू रिटायर झालास आणि रिबूताईचे फोन वाढले. आता तिकडे कोण हाय तुझं, ये. कागद तयार झाले. तिने तुझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवली, खाट टाकली. तू मला कागद दाखवलेस तेव्हा आपण बांधावर बसलो होतो. जाऊ नकोस असं म्हणायला जीभ वळेना. आपल्याकडे पुरुषमाणसं असं कुठे बोलतात? म्हणून मी भांडण काढलं.

"जातोस तर जा," मी म्हणालो. "पण बत्तीस वर्षं पोरांना थापा मारल्यास त्याचं काय?"

"कसल्या थापा?"

"जमीन सरकते म्हणून. जायच्या आधी एकदा सिद्ध करून जा. तिथे त्या टेकाडाच्या कातळावर रेघ मार. इथे बांधावर एक दगड ठेवू. वर्षभराने मधलं अंतर मोजू. सरकला तर तू खरा. मग इथेच राहायचं आणि दरवर्षी मोजायचं. नाय सरकला तर तू खोटा. मग खुशाल जा तोंड लपवून."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. चष्मा काढलास, सदऱ्याला पुसलास, परत घातलास आणि परत बघितलंस. मला वाटलं, माझ्या युक्तीने मास्तर गार पडला. मग तू म्हणालास, "बरं दत्त्या. एक वर्ष."

शाळेत शर्यतीसाठी आणलेला जुना कापडी फीता तू घेऊन आलास. बाहेरकाठा टेकाडाला टेकतो तिथल्या कातळावर रेघ मारली. वीसेक पावलांवर बांधावर पाट्याएवढा काळा दगड ठेवला. फीत्यावर शाईने खूण केली. दरवर्षी होळीनंतरच्या रविवारी मोजायचं ठरलं.

पुढच्या होळीच्या दोन दिवस आधी मी पहार घेऊन गेलो आणि दगड कातळापासून चार बोटं लांब सरकवला. बस, एवढंच. चार बोटं. माझं पाप केवढं ते सांगतोय.

रविवारी तू मोजलंस. फीता बघून म्हणालास, "अरे वा! भारत देश घाईत दिसतोय." मग रिबूताईला फोन केलास की यंदा जमत नाही, इथे मोठं काम निघालंय. संध्याकाळी घरी मलिदा केलास. गूळखोबऱ्यातले पोहे, वर फळं. तुमच्यात नवस फेडताना करतात, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "नवस कसला रे?" तू म्हणालास, "होता एक." मी तीन वाट्या खाल्ल्या आणि एकही घास सरळ घशाखाली उतरला नाही. तरी चौथी घेतली.

मग ते दरवर्षीचं झालं. एके वर्षी माझा अंदाज चुकून दगड वीतभर गेला. तू फीता डोळ्याजवळ धरलास. "दत्त्या, या हिशोबाने हिमालय माझ्या हयातीत दुप्पट होईल. यंदा जमिनीला कुणी वंगण लावलं काय?" मी म्हणालो, "पाऊस जास्त झाला." तू गंभीरपणे मान डोलावलीस.

एके वर्षी अवकाळी पाऊस पडून बांध निसरडा झाला होता. पहार लावताना माझा पाय घसरला आणि दगड टेकाडाकडे मागे आला. तो पुन्हा पुढे ढकलायची ताकद उरली नव्हती. आज सामू खोटा ठरणार, तिकीट काढणार, असं धरून मी रविवारी मान खाली घालून उभा राहिलो. तू मोजलंस, पुन्हा मोजलंस, आणि म्हणालास, "देश मागे आला. काहीतरी विसरला असेल. घेऊन जाईल पुढच्या वर्षी."

आणि ज्या वर्षी मोठ्या उधाणाने बांध फुटला! चिखल घालायला तूही आला होतास, धोतर खोचून, सगळ्यांच्या पुढे. फुटलेली खांड बुजली, पण दगड खाडीत गेला. मी गडबच्या पाठच्या ओढ्यातून दुसरा आणून ठेवला. तू वाकून बघितलास. "दगड गोरा झालाय."

"खाऱ्या पाण्याने."

"बारीकपण झालाय."

"खाऱ्या पाण्याने, सामू!"

"बरं बरं," तू म्हणालास. "आपणसुद्धा एकदा बुडी मारून बघू."

मी हसलो नाही. मला वाटत होतं, किती भोळा आहे हा माणूस. शिकलेली माणसं भोळी असतात असं मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "आणि न शिकलेली?" मी विषय बदलला.

मग माझे गुडघे गेले. चार पावलं टाकायला काठी लागू लागली, पहार कुठली उचलतो? दोन वर्षांपूर्वीची होळी आली. दगड जागेवर आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्या वयात तू विमानात बसणार, माझ्यामुळे थांबलेला आता माझ्याच गुडघ्यांमुळे जाणार, या विचाराने मी दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. रविवारी रिक्षाने बांधापर्यंत आलो. कातळाकडचं टोक धरून मी उभा राहिलो, तू दगडाकडे गेलास.

"तीन बोटं," तू म्हणालास.

मी म्हणालो, "काय?"

"तीन बोटं पुढे. ये, बघ."

मी बघितलं. शाईची खूण मागे होती आणि दगड पुढे. सामू! हे मी केलेलं नव्हतं! म्हणजे खरंच सरकते! दहा वर्षं मी ज्याला फसवत होतो तो खरा होता! घरी येताना मी रिक्षाचा दांडा सोडला नाही. घरात भिंतीला धरून चालायला लागलो.

सुमन म्हणाली, "चक्कर येतेय काय?"

"जमीन सरकतेय गो."

"मग खाली बसा. उभं राहून कशाला सरकताय?"

गेल्या वर्षी पुन्हा तीन बोटं. मी पुरता बाटलो. नातवाच्या भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलो आणि चहाच्या टपरीवर लोकांना सांगत सुटलो की जमीन सरकते, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पुढाऱ्याने ते माझ्याच तोंडून ऐकलं असणार. आणि त्याच दोन वर्षांत होळीच्या सुमारास तुझी कंबर धरायची. पोफळीची झावळी ओढताना लचक भरली म्हणायचास. सुमन तेल गरम करून पाठवायची. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो, का ते पुढे येईल.

यंदा होळीपर्यंत तू थांबला नाहीस.

तुझ्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला तुमच्यातले दहा पुरुष लागतात. मुंबईहून, अलिबागकडून, जिथून मिळतील तिथून बोलावले. नऊ जमले. दहावा वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला. पेणच्या दफनभूमीत तू उन्हात वाट बघत पडून होतास, आणि आम्ही फोन लावत होतो. मी न राहवून त्यांच्यातल्या म्हाताऱ्या काकांना म्हणालो, "मी उभा राहू काय? साठ वर्षांची ओळख हाय." ते हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त रडताय, पण मोजण्यात तुम्हाला धरता येत नाय." मला वाटलं, तू आतून हसलास. मोजण्याच्या बाबतीत मला धरायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं?

सात दिवस तुझ्या घरी तुमच्या लोकांची उठबस होती. सातव्या दिवशी रिबूताईचा फोन आला, चेहरा दिसणारा. ऐंशी पार केलीय तिने. केस पांढरे, पण बोलणं अजून गडबच्या विहिरीवरचं.

"दत्ता, काय रे हा माणूस? बारा वर्षं खोली रंगवून ठेवलीय मी त्याच्यासाठी. दर दोन वर्षांनी रंग देते. का नाय आला तो? माझं काय चुकलं? मी लग्नात त्याचा मान ठेवला नाय काय? त्याला काय बोलले होते काय मी?"

सामू, मग मला राहवलं नाही. बारा वर्षं ती बाई स्वतःला दोष देत होती आणि दोषी इथे पाटावर बसून मलिदा खात होता. मी सगळं सांगितलं. पैज, पहार, चार बोटं, वीतभर, गोरा दगड. "ताई, त्याला मी अडवला. फसवून अडवला. तुमचा भाऊ मी चोरला."

तिने चेहरा फोनजवळ आणला. मग म्हणाली, "कुठून मोजायचात?"

"कातळावरच्या रेघेपासून."

"कातळ कुठं हाय?"

"इथे, गडबला."

"आणि दगड?"

"तोपण गडबलाच."

ती हसायला लागली. खोकेपर्यंत हसली. मागून तिची नात धावत आली. "अरे खुळ्या," रिबूताई म्हणाली, "नवा मास्तर झाला तेव्हा हेच तो मला होडीत बसवून शिकवायचा. होडी पुढे जाते तेव्हा होडीतली माणसं एकमेकांपासून लांब जातात काय रे? कातळ आणि दगड एकाच होडीत! सगळा देश सरकला तरी त्यांच्या मधलं अंतर कसं बदलेल? बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला हे कळलं नसेल?"

मी जमिनीवर बोटाने होडी काढली, आत कातळ, आत दगड.

मग तिने डोळे पुसले आणि हळू म्हणाली, "त्याला यायचंच नव्हतं रे. मला नाय म्हणायला त्याला जड जात होतं. त्याला कारण हवं होतं, आणि ते तू दरवर्षी पहारीने पुरवलंस. बरं झालं सांगितलंस. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं."

"तुम्ही रागवा तरी, ताई."

"रागावलेच हाय. पण आधी हसून घेते."

घरी आलो आणि एकेक गोष्ट उलटी वाचायला लागलो. तू चष्मा पुसून माझ्याकडे का बघत होतास. भारत देश घाईत का होता. दगड गोरा झाल्याचं तुला एवढं चटकन कसं मान्य झालं. एवढा मोठा शोध लावून तू एकदाही वर्गाला बांधावर का आणलं नाहीस. मुलांना खोटं शिकवणं तुझ्या रक्तात नव्हतं. ते फक्त माझ्यासाठी होतं. आणि मलिदा! दगड सरकला म्हणून नवस फेडत होतास तू. म्हणजे दर होळीला तुझाही जीव टांगणीला लागायचा, यंदा दत्त्या येतोय की नाही.

मग शेवटची दोन वर्षं आठवली. मी दगडाला हात लावला नव्हता. कातळ आणि दगड एकाच होडीत. मग तीन बोटं कुणी?

सुमन आमटी ढवळत होती. मी ओरडलो, "कंबर गो, कंबर!"

ती म्हणाली, "तुमची पण धरली?"

एकाहत्तराव्या, बहात्तराव्या वर्षी, सामू, तू एकटा बांधावर जाऊन पाट्याएवढा दगड सरकवलास. माझे गुडघे गेले म्हणून माझं काम तू केलंस. आणि मला वाटत होतं की मी तुला अडवतोय.

पण एवढं सांग, सरळ का नाही बोललास? मी पण का नाही बोललो? "राहा रे" हे दोन शब्द. त्यांच्यासाठी आपण एक अख्खा देश ढकलत राहिलो.

होळीनंतरचा रविवार आला. सुमनला घेऊन बांधावर गेलो. तिने कातळावरच्या रेघेशी फीत्याचं टोक धरलं, मी दगडाशी बसलो. ती ओरडली, "किती?"

गेल्या वर्षीची शाईची खूण बरोबर दगडाच्या कडेवर होती. एक केसही इकडेतिकडे नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा आपलं माप खरं आलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

"तेवढाच," मी म्हणालो. सुमन फीता गुंडाळत माझ्याजवळ आली आणि तिने हात देऊन मला उठवलं.

मग मी त्या पुढाऱ्याला फोन करून सांगितलं की फलक लावू नका, लावायचाच असेल तर त्यावर माझं नाव घाला, दगड ढकलणारा म्हणून. तो म्हणाला, "काका, कार्यकारिणीत मांडतो." मांडू दे. त्यासाठीच हे लिहिलंय. पण दगड त्यांना मिळणार नाही.

तो दगड मी रिक्षात घातला. रिक्षावाला म्हणाला, "काका, हा कशाला?" मी म्हणालो, "पाहुणा हाय. पेणला पोचवायचाय." गडबपासून पेणपर्यंत प्रत्येक खड्ड्यात तो माझ्या पायावर बसत होता. बारा वर्षांत सरकला नसेल एवढा त्या एका प्रवासात सरकला.

तुमच्यात कबरीवर फुलं नाही, दगड ठेवतात. लहानसा खडा ठेवतात असं त्या काकांनी सांगितलं होतं. पण खड्याने आपलं भागणार नव्हतं. मी आणि रिक्षावाल्याने मिळून तो तुझ्या उशाशी ठेवला, आणि दफनभूमीच्या भिंतीपासून फीत्याने अंतर मोजून शाईची खूण केली.

भिंत आणि दगड एकाच होडीत आहेत, ते मला आता माहीत आहे. तरी पुढच्या होळीनंतर मी येऊन मोजीन. सरकलेला असेल, तर मी नाही हलवलेला.